गाडी कोण चालवत होतं

काका पुन्हा संत्री घेऊन हॉस्पिटलमध्ये आले तेव्हा ताईने त्यांच्यादेखत पिशवी उघडली आणि एकेक संत्रं उलटंपालटं करून पाहिलं. काका कॉटच्या पायथ्याशी टोपी हातात धरून उभे होते. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, चेहऱ्यावर सतत अपराधी भाव. मागच्या आठवड्यात त्यांचीच गाडी बाजूच्या गल्लीतून न थांबता मोठ्या रस्त्यावर आली होती आणि तिच्या धडकेने दातवाली मोटरसायकलसकट फुटपाथच्या कडेला जाऊन आदळली होती.

दातवाली हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. ती कवळ्या बनवायची. दंतवैद्य लोकांच्या तोंडाचे साचे लॅबमध्ये पाठवत आणि ती मेणात एकेक दात बसवून तोंड उभं करी. गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं नाव पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलं आणि तिलाही त्यात वावगं वाटलं नाही. तिने लग्न केलं नव्हतं, मोटरसायकल घेतली होती. ताई, म्हणजे तिची थोरली बहीण, म्हणायची, "नवरा आणायचा तर हिने हे धूड आणून दारात बांधलंय."

ताईचा जन्म परीक्षांना पर्यवेक्षक म्हणून वर्गावर्गांतून फिरण्यात गेला होता. कुणी नाक पुसायला खिशात हात घातला तरी तिला तिथे कॉपीची चिठ्ठी दिसे. निवृत्त झाली तरी नजर निवृत्त झाली नव्हती.

"चूक माझीच," काका म्हणाले. "मी पोलिसांनाही तसाच जबाब दिलाय. गाडीचा विमा आहे. तुम्ही दावा लावा, कंपनीचे लोक आले की मी स्वतः सांगेन, मीच चालवत होतो, माझंच लक्ष नव्हतं. तुम्हाला काही कमी पडणार नाही."

ते गेल्यावर ताईने पडदा ओढला.

"धडक मारणारा माणूस असा बोलतो का कधी? तो म्हणतो, बाईच वेगात आली. तो म्हणतो, इंडिकेटर दिला नाही. हा आपला रोज येऊन पाया पडायचा बाकी आहे. काहीतरी काळंबेरं आहे."

"चांगला माणूस असेल, ताई."

"किंवा लग्नाचा मुलगा असेल घरात."

दातवाली हसली आणि हसण्याने मनगट ठणकलं. उजव्या मनगटात धातूची पट्टी बसवून स्क्रू पिळले होते. अंगठा बाहेर दिसत होता, पण तो कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा. हलव म्हटलं की हलत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. लॅबचे मालकही फोनवर हेच म्हणाले होते, पण त्यांच्या 'हळूहळू'मध्ये दम नव्हता.

खरं तर काळंबेरं तिलाही जाणवत होतं. ताईजवळ ती बोलली नव्हती एवढंच. धडकेच्या आधीचा एक क्षण तिच्या डोळ्यांत अडकून राहिला होता. गाडीची काच आणि काचेमागे उघडलेलं तोंड. नाक, डोळे, केस काहीच आठवत नव्हतं. फक्त किंचाळणारं तोंड, वरच्या ओळीतले मोठे, स्वच्छ, तरुण दात आणि पुढच्या दोन दातांमधली फट. आधी तिला वाटलं, भुलीच्या औषधाने दाखवलेलं काहीतरी असेल. दिवसभर दातच तर बघतो आपण, स्वप्नातही तेच येणार.

पण काका एकदा नर्सच्या कसल्याशा बोलण्यावर मनापासून हसले आणि तिची नजर आपोआप त्यांच्या तोंडावर गेली. पूर्ण कवळी. वर आणि खाली. वरची जराशी सैल, बोलताना ते ती जिभेने मागे ढकलत होते.

तिने मान वळवली. त्यानंतर काका खुर्चीत बसून विचारपूस करत राहिले, तेव्हा ती त्यांच्याकडे पाहतच नव्हती.

दातवाली घरी आल्यावर विमा कंपनीचा तपासनीस आला. मऊ आवाजाचा, सावकाश बोलणारा माणूस. चहाला नाही म्हणाला नाही, पण कप तसाच ठेवला. ताईने ते बरोबर टिपलं.

"एवढी जड मोटरसायकल तुम्ही रोज चालवायचात?"

"रोज."

"आधी कधी पडलात?"

"नाही."

"त्या गाडीवाल्या गृहस्थांशी आधीची ओळख?"

"कसली ओळख? त्यांनी मला उडवलं तेव्हाच पहिल्यांदा भेट झाली."

तो हसला नाही. लिहिता लिहिता त्याच्या हातून पेन निसटलं आणि घरंगळत तिच्या उजव्या पायाशी आलं. दातवाली वाकली आणि डाव्या हाताने ते उचलून त्याला दिलं. तो गेल्यावर ताई म्हणाली, "पडलं नाही ते, पाडलं. तू कुठला हात पुढे करतेस ते बघायचं होतं त्याला."

"ताई, सगळ्यांनाच तू परीक्षेला बसवतेस."

पण ताईचं खरं ठरलं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने दुसऱ्याच दिवशी सांगितलं की एक मऊ बोलणारा माणूस येऊन विचारून गेला, बाई सामान कुठल्या हाताने नेतात, जिना चढताना कठडा धरतात का. पलीकडच्या बिल्डिंगखाली एक राखाडी गाडी दोन-तीनदा उभी दिसली. तेव्हापासून दातवालीचं वागणंच बदललं. खिडकीशी उभं राहायची तरी ती हात छातीशी धरायची. बाजारातून येताना पिशवी जड झाली की मधेच थांबून आजूबाजूला बघायची. हाताचा व्यायाम करून घेणारी मुलगी "आज कमी दुखतंय ना?" असं विचारी, तेव्हा हिच्या मनात येई, हिला कुणी विचारायला सांगितलंय? आणि खरंच कमी दुखत असलं तरी ती "आहे तेवढंच" म्हणे. मग स्वतःचीच लाज वाटे. हाड खरं मोडलं होतं, दुखणं खरं होतं, पण कुणीतरी पाहतंय म्हटल्यावर ते खरं दुखणंसुद्धा नाटक केल्यासारखं वाटायला लागलं होतं.

अशातच एका संध्याकाळी काका घरी आले. या वेळी एकटे नव्हते.

"ही माझी मुलगी," ते म्हणाले. "सध्या आमच्याकडेच असते. तुम्हाला भेटायचंच म्हणत होती."

ते असं म्हणाले खरे, पण त्यांच्या आवाजावरून तिने हट्ट धरल्यामुळेच ते तिला घेऊन आल्याचं कळत होतं. मुलगी तिशीची, ठेंगणी, बारीक. दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसली. काकाच बोलत राहिले, हवापाण्याचं, औषधांचं, कंपनीचा माणूस काय म्हणाला त्याचं. मुलगी एकटक दातवालीच्या अंगठ्याकडे बघत होती आणि ओठ घट्ट मिटून होती.

ताई चहाचा ट्रे घेऊन आली. दातवालीने सवयीने उजवा हात पुढे केला, अंगठ्याने दगा दिला आणि बशीसकट कप फरशीवर फुटला.

"अगं बाई!" मुलगी ओरडली.

तोंड पुरतं उघडलं होतं. मोठे, स्वच्छ दात. पुढच्या दोघांत फट.

ताई तुकडे गोळा करायला वाकली. मुलीने तोंडावर हात घेतला, पण उशीर झाला होता. दातवालीने वर पाहिलं तर काका मुलीकडे बघत नव्हते, चहाकडेही नाही. ते दातवालीचा चेहरा वाचत होते. मग एकदम उठले, "निघतो आम्ही, अंधार व्हायच्या आत पोचलेलं बरं," म्हणाले आणि मुलीच्या दंडाला धरून जिना उतरले.

"बाहेर लख्ख उजेड आहे," ताई म्हणाली. "कसला अंधार?"

दातवालीने त्या दिवशी ताईला सगळं सांगितलं. ताई खूश होईल, 'मी म्हटलं नव्हतं?' म्हणेल, असं तिला वाटलं होतं. ताई म्हणाली नाही. बराच वेळ ती ओल्या फडक्याने कोरडी झालेली फरशी पुसत राहिली.

"मुलीकडे लायसन नसणार," शेवटी ती म्हणाली. "म्हणून बापाने अंगावर घेतलं. आता हे तू बोललीस, तर कंपनी हात वर करणार. लायसन नव्हतं ना, मग आम्ही कशाला देऊ, म्हणणार. हॉस्पिटलचं काय, तुझ्या कामाचं काय?"

"आणि नाही बोलले तर?"

"नाही बोललीस तर काही नाही. तू कुठे खोटं बोलतेयस? तुला कुणी विचारलंय का?"

विचारणारा लवकरच भेटला. तपासनिसाने तिला ऑफिसात बोलावून घेतलं. लहानशी खोली, टेबलावर वाळलेलं रोपटं, भिंतीवर सुरक्षित प्रवासाचं पोस्टर. त्याने दार लावलं आणि नेहमीच्याच मऊ आवाजात बोलायला सुरुवात केली.

"मी ती गाडी गॅरेजमध्ये जाऊन पाहिली. ड्रायव्हरची सीट एवढी पुढे ओढलेली होती की त्या गृहस्थांचे गुडघे स्टिअरिंगला टेकले असते. मी बसून पाहिलं, मी त्यांच्यापेक्षा बुटका आहे, तरी मला जमेना. म्हणजे गाडी ते चालवत नव्हते. बरं, नव्हते तर नव्हते. पण हा माणूस न विचारता चूक कबूल करतो. रोज तुम्हाला भेटायला येतो. फळं आणतो. तुमच्या घरी चहाला येतो. इतक्या वर्षांत मी हे कुठे पाहिलं सांगू? ठरवून केलेल्या अपघातांत."

दातवालीला आधी नीट कळलंच नाही.

"म्हणजे मी मुद्दाम मनगट मोडून घेतलं?"

"ठरवलं असेल थोडं, मोडलं असेल जास्त. होतं असं." त्याने पेन खाली ठेवलं. "गाडी कोण चालवत होतं?"

तिच्या जिभेवर उत्तर होतं. पण तिला ती मुलगी दिसली, दाराजवळ अंग चोरून बसलेली.

"मी पाहिलं नाही," ती म्हणाली.

त्याने ते लिहून घेतलं. ती जिना उतरली तेव्हा तिचे कान तापले होते. आत्तापर्यंत खोटं दुसऱ्याचं होतं. आता त्यात तिचंही एक वाक्य जमा झालं होतं.

ती घरी गेलीच नाही. बस पकडली आणि काकांच्या घरी गेली. पत्ता त्यांनीच हॉस्पिटलमध्ये दिला होता, काही लागलं तर म्हणून.

दार काकांनी उघडलं. आतल्या खोलीत एक लहान मुलगी जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. काकांनी ते दार ओढून घेतलं आणि दातवालीला बाहेरच्या खोलीतच उभं ठेवलं. बस म्हणाले नाहीत.

"गाडी तुमची मुलगी चालवत होती," दातवाली म्हणाली.

काकांचा चेहरा इतका पटकन बदलला की तिला वाटलं, आपण या माणसाला आज पहिल्यांदाच पाहतोय.

"किती हवेत?"

"काय?"

"कंपनीचे मिळतीलच. वरचे किती हवेत, बोला. मला माहीत होतं तुम्ही येणार. कप फुटला त्या दिवसापासून वाट बघतोय."

ताईने या माणसावर नाही नाही ते संशय घेतले होते आणि प्रत्येक वेळी आपण त्याची बाजू घेतली होती, आणि हा मात्र घरात बसून आपल्याबद्दल हे धरून चालला होता.

"तुमच्यामुळे मला तो माणूस लबाड म्हणतोय," ती म्हणाली. आवाज चढला होता, तिला आवरला नाही. "तुम्ही रोज येत होतात म्हणून! त्याला वाटतं आपण दोघांनी मिळून हे केलं. सीट पुढे ओढलेली सापडली त्याला. तुमचं खोटं त्याने केव्हाच पकडलंय, फक्त चोर म्हणून मलाही त्यात धरलंय."

आतलं दार उघडलं. मुलगी बाहेर आली आणि दार पाठीमागे अलगद लावून घेतलं.

"बाबा, पुरे आता."

"तू आत जा."

"नाही जात." ती दातवालीसमोर येऊन उभी राहिली. "मी शिकत होते. शिकाऊ लायसन आहे माझं. बाबा शेजारीच होते. गल्लीच्या तोंडाशी ब्रेक दाबायचा, तो दाबलाच गेला नाही, दुसरंच दाबलं गेलं. तुम्ही पडलात. मी दार उघडणार, तर बाबा म्हणाले, आधी इकडे सरक." "मी सरकले. तोवर ते खाली उतरून, वळसा घालून माझ्या बाजूचं दार उघडून उभे राहिले, तेच चालवत असल्यासारखे. तुम्ही तिथे पडला होतात आणि आम्ही जागा बदलत होतो."

दातवालीला मनगटापेक्षा हे जास्त लागलं. आपण फुटपाथशी पडलेलो असताना गाडीचं एक दार उघडलं, बंद झालं, पुन्हा एक उघडलं. तेवढा वेळ कुणीच आपल्याकडे आलं नाही.

"का?" तिने विचारलं.

उत्तर काकांनी दिलं. आता त्यांचा आवाज पडला होता. मुलीचा नवरा वेगळा झाला होता. नातीच्या ताब्यासाठी कोर्टात भांडण चाललं होतं. त्या लोकांचा वकील टपूनच बसलेला. ही बेजबाबदार आहे, हिच्या हाती मूल सुरक्षित नाही, एवढंच त्याला सिद्ध करायचं होतं. "आणि ही माणूस उडवून आली म्हटल्यावर? आयतंच मिळालं असतं त्यांना. मी म्हातारा, माझं काय जायचंय?"

"आणि माझं?" दातवाली म्हणाली.

काकांनी आतल्या दाराकडे पाहिलं.

"उद्या मी जाते विमा कंपनीत सांगायला," मुलगी म्हणाली. "बाबा, तुम्ही येऊ नका हवं तर."

"तुझी मुलगी गेली तर?" काका ओरडले.

"आज ना उद्या ते शोधून काढणारच, बाबा. मग मी उडवलं आणि लपवलं, दोन्ही होईल." ती दातवालीकडे वळली. "त्या दिवसापासून मला धड झोप नाही. तुमच्याकडे येऊन सांगायचं ठरवलं होतं. बाबा बोलत राहिले आणि माझं धाडस गेलं."

दातवालीने मान हलवली. माफ केलं असं तिला म्हणता आलं नाही आणि मुलीनेही माफी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या छोट्या खोलीत चौघं दाटीवाटीने बसले. मुलीने सगळं सांगितलं. मग दातवाली म्हणाली, "काल मी पाहिलं नाही म्हणाले, ते खोटं होतं. तोंड पाहिलं होतं." तपासनिसाने मुलीचं शिकाऊ लायसन उलटसुलट करून पाहिलं, तारीख पाहिली, काकांचं लायसन पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, शिकाऊ लायसन आहे, शेजारी पक्कं लायसनवाला माणूस बसलाय. हे आमच्या विम्यात बसतं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर मी तुमच्यापैकी कुणाच्याही दारात आलो नसतो."

काका त्याच्याकडे बघतच राहिले. एवढी धावपळ, एवढी संत्री, एवढं नाटक, आणि विम्यापुरतं तरी त्याची काडीची गरज नव्हती.

म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. काकांना पोलिसांत जाऊन जबाब बदलावा लागला, तिथे त्यांना जे ऐकून घ्यावं लागलं ते त्या वयात कुणी ऐकू नये. खोट्या जबाबाबद्दल दंड झाला. दावा पुन्हा पहिल्यापासून तपासला गेला आणि तोवर दातवालीचा खर्च ताईच्या पेन्शनवर चालला. तपासनिसाने माफी मागितली नाही. फक्त "तुमची फाइल पुढे पाठवली," असा फोन केला. राखाडी गाडी त्यानंतर दिसली नाही, तरी ताई बरेच दिवस गॅलरीतून खाली वाकून बघत असे. शेवटी नुकसानभरपाई आली. अंगठाही आला, पूर्वीसारखा नाही, पण मेणात दात रोवता येतील इतका. लॅबने तिला परत घेतलं. काम सावकाश होऊ लागलं.

कोर्टातला वकील टपून होता तो खराच. अपघात त्याने उकरून काढला. मुलीच्या वकिलाने दातवालीला साक्षीला बोलावलं आणि ती गेली. ताईने बजावलं होतं, "जाऊ नकोस, पुन्हा कशात तरी अडकवतील," आणि मग स्वतःच बरोबर आली होती.

समोरच्या वकिलाने विचारलं, "या बाईने तुम्हाला धडक दिली, तरी तुम्ही हिच्या बाजूने आलात. तुम्हाला यासाठी काही मिळालं का?"

"मनगटात पट्टी मिळाली," दातवाली म्हणाली. न्यायाधीशांनी तिला नीट उत्तर द्यायला सांगितलं. मग ती म्हणाली, "काही मिळालं नाही. मी कुणाच्या बाजूने आलेले नाही. धडक हिने दिली. वडिलांनी लपवलं, हीपण गप्प राहिली. मग स्वतः जाऊन सांगितलं, सांगितल्याने मूल जाईल हे माहीत असताना. एवढंच मला ठाऊक आहे."

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. निकाल काही आठवड्यांनी लागला. मूल आईकडेच राहिलं, शनिवार-रविवार बापाकडे. अपघाताचा निकालात ओझरता उल्लेख होता.

पण साक्षीच्या त्या दिवशी हे कुणालाच माहीत नव्हतं. दातवाली कोर्टरूममधून बाहेर आली तेव्हा काका व्हरांड्यातल्या बाकावर एकटेच बसले होते. पोलिसांत जाऊन आल्यापासून ते तिच्याशी बोलले नव्हते. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. ताई मुद्दाम लांब, नळापाशी जाऊन उभी राहिली, पण तोंड इकडेच होतं.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं का?" काकांनी समोर बघत विचारलं.

"संशय होता. हॉस्पिटलपासून."

"मग बोलला का नाहीत?"

दातवालीने जरा विचार केला. "तुम्ही चांगलं वागत होतात. ते खरं असावंसं वाटत होतं."

काका टोपी गुडघ्यावर ठेवून तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"खरंच होतं ते," ते म्हणाले. "दोन्ही होतं."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तिला ते मानावंसं वाटत होतं आणि बरंचसं तिने मानलंही. आतून शिपायाने पुढच्या साक्षीदाराला हाक दिली. काका गुडघ्यावर हात रोवून सावकाश उठले आणि आत गेले.